फाइल वाचायला असिंक कशाला? साधं ओपन काय वाईट आहे (पायथनवाले, नोडवाले दोघेही या)

तिसवाडी_टर्मिनल:
आठवडाभर डोकं उठलंय म्हणून इथे ओकतो. पर्वरीला आमचं छोटं दुकान आहे, चार माणसं, होमस्टेवाल्यांसाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करतो. पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन, बिलं, दिवसाची सीएसव्ही, सगळं फायलींत. पायथन आहे, सर्व्हर असिंकआयओवर (पायथनचं असिंक, म्हणजे एका कामाची वाट बघत न बसता दुसरं करायचं) चालतो. नवीन आलेल्या पोराने सीझन तोंडावर असताना सगळीकडचं साधं ओपन (पायथनचं नेहमीचं फाइल उघडायचं फंक्शन) काढून एआयओफाइल्स ही असिंक फायलींची लायब्ररी घातली, कारण काय तर "असिंकमध्ये ब्लॉकिंग (काम होईपर्यंत अडून बसणं) चालत नाही, सगळे असंच सांगतात". आता रात्रीची सीएसव्ही, जी माझा चहा गार व्हायच्या आत वाचून व्हायची, ती एवढा वेळ घेते की रायबंदरहून फेरीबोट चोडणला जाऊन परत येईल.

माझं मत सरळ आहे, फाइलचं असिंक हे थोतांड आहे. सॉकेटचं (नेटवर्क जोडणीचं) खरं असतं, तिथे ईपोल (लिनक्सचा एक कॉल) कर्नलला (ओएसच्या गाभ्याला) विचारतो की बाबा कुठल्या सॉकेटवर काही आलंय का, आणि कर्नल खरं सांगतो. साध्या फाइलला लिनक्सवर हे चालतच नाही. ईपोलला फाइल दिली तर तो एररच देतो, आणि जुन्या सिलेक्टला दिली तर तो कायम "तयार आहे" म्हणतो, मग डिस्क झोपलेली का असेना. म्हणून एआयओफाइल्स काय करतं, तर मागे थ्रेड (प्रोग्रामच्या आतला वेगळा कामगार) ठेवतं आणि तो थ्रेड तेच जुनं ब्लॉकिंग ओपन करतो! म्हणजे जे काम मी स्वतः करत होतो ते शेजाऱ्याला दिलं आणि दारात बसून त्याची वाट बघतोय. छोटी फाइल बहुतेक वेळा पेज कॅशमध्ये म्हणजे रॅममध्येच असते, ती वाचायला काही मायक्रोसेकंद, त्याच्यापेक्षा जास्त वेळ थ्रेडकडे काम देऊन परत घेण्यात जातो. सांगा कोणाला पटत नाही ते.

पोदेर_सायकलवर:
मला पटत नाही. "बहुतेक वेळा कॅशमध्ये असते" म्हणालास ना, सगळी गोम त्या बहुतेकमध्ये आहे. जेव्हा नसते तेव्हा काय होतं ते मी बघितलंय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे स्कॅन दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कवरचा फायलींचा डबा), एनएफएसने (नेटवर्कवरून फायली वाचायची पद्धत) जोडलेले. सर्व्हरला इन्व्हर्टर होता, नॅसच्या स्विचला नव्हता (कोणी विसरलं ते विचारू नकोस). दुपारी धो धो पाऊस, लाइट गेली, स्विच बंद. त्या वेळी एकाच माणसाने एकच जुना स्कॅन उघडला. एक ओपन, तुझंच ते साधं, गरीब ओपन. एनएफएस डिफॉल्टने हार्ड माउंट असतं म्हणजे सर्व्हर परत येईपर्यंत ते विचारत राहतं, हार मानत नाही. आमचा इव्हेंट लूप (असिंकमध्ये सगळी कामं आळीपाळीने चालवणारं चक्र) त्या एका ओळीवर गोठला. ज्यांचा स्कॅनशी काही संबंध नाही असे सगळे लोक, लॉगिनवाले, रेट बघणारे, सगळे लटकले. लॉगमध्ये काही नाही, सीपीयू शून्यावर. टॉप लावून बघतो तर प्रोसेससमोर डी, म्हणजे वाचनाची वाट बघत अडकलेली. लाइट आल्यावर आपोआप सगळं सुरू झालं आणि साहेब म्हणाले बघ, उगाच घाबरवलंस.

लूप म्हणजे एकच फेरीबोट आहे रे. एक माणूस रॅम्पवर स्कूटर आडवी लावून खिशात किल्ली शोधत राहिला की मागची सगळी गाडी थांबते. फाइल वाचणं पटकन होवो म्हणून असिंक नसतं, तुझ्यामुळे दुसरा थांबू नये म्हणून असतं. तू स्टॉपवॉच चुकीच्या माणसाला लावलंस.

तिसवाडी_टर्मिनल:
नॅस हा अपवाद झाला, माझी एसएसडी डब्यातच आहे. अपवादासाठी पाच ओळींची कॉन्फिग फाइल पण अवेट (असिंक कामाच्या उत्तरासाठी थांब म्हणणारा शब्द) करून वाचायची का? आणि एका ठिकाणी असिंक लावलं की त्याला बोलावणारं फंक्शन असिंक, त्याच्या वरचं पण असिंक, वाळवीसारखं चढत जातं. एके ठिकाणी अवेट लिहायचं राहिलं तर फाइल लिहिलीच जात नाही, फक्त कुठेतरी "कधीच अवेट केलं नाही" अशी वॉर्निंग येते, जी कोणी वाचत नाही.

फोंड्याची_पोर:
थर्ड इयरला आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. आम्हाला शिकवलं की असिंक म्हणजे थ्रेड न वापरता एकाच वेळी खूप कामं. मग इथे सगळे मागे थ्रेड आहे म्हणतात ते कसं?

बांगड्याचं_तिखलें:
फोंड्याच्या बाय, म्हापशाच्या मार्केटात इसवण घेतेस तेव्हा काय करतेस? कापणाऱ्या बाईकडे देतेस, "तुकडे कर गो" म्हणतेस आणि कोथिंबीर, सोलं, नारळ घेऊन येतेस. तू थांबली नाहीस हे खरं. पण मासा आपोआप कापला गेला नाही, कोणीतरी आदोळीवर बसून कापतंयच. सॉकेटचं वेगळं, तिथे मासा अजून होडीतच असतो, कोणी कापत बसलेलं नसतं, होडी लागली की हाक येते एवढंच. तुला शिकवलं ते सॉकेटला बरोबर आहे, फाइलला अर्धवट.

आता नोडमध्ये (सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट) त्या कापणाऱ्या बायका किती? चार. नोडच्या आतल्या लिबयूव्ही लायब्ररीच्या थ्रेड पूलचा (तयार ठेवलेल्या थ्रेडच्या गटाचा) डिफॉल्ट आकडा चार, मशीनला सोळा कोर असले तरी चार. आणि गंमत म्हणजे फक्त फाइलवाले तिथे येत नाहीत, डीएनएस लुकअप (होस्टच्या नावावरून पत्ता शोधणं), पासवर्डचं हॅशिंग, झिप करणं, सगळ्यांची रांग त्याच चौघींसमोर. आम्ही एका क्लायंटकडे तीन दिवस शोधत होतो की बाहेरच्या पेमेंटच्या एपीआयला कॉल मध्येच का अडकतो. त्या एपीआयचा काही दोष नव्हता. आमच्याच चार फायली एका मेलेल्या नेटवर्क ड्राइव्हवर वाचायला गेल्या होत्या, चारही थ्रेड तिथे चिकटले आणि होस्टचं नाव शोधायला पाचवी बाई शिल्लकच नाही! यूव्ही_थ्रेडपूल_साइझ वाढवता येतं पण ते प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी द्यावं लागतं, आणि वाढवून काय, ड्राइव्ह मेलेलाच असेल तर बारा पण अडकणार.

म्हणून दोघांनाही सांगतो, पोदेरबाब, थ्रेडवर टाकलं म्हणजे सुटलो असं नाही. फक्त अडकायची जागा बदलते.

पोदेर_सायकलवर:
हे मान्य, आणि पायथनमध्येही तेच आहे. टू_थ्रेड (काम थ्रेडकडे देणारं फंक्शन, ३.९ पासून आलंय) डिफॉल्ट पूल वापरतं, त्यात थ्रेड किती तर कोरच्या संख्येत चार मिळवायचे, जास्तीत जास्त ३२. चार कोरचा डबा असेल तर आठ. असिंकआयओचं नाव शोधणंही त्याच पूलमध्ये जातं. म्हणून आम्ही नॅससाठी वेगळा पूल केला, सहा थ्रेडचा. मेला तर तो पूल मरेल, बाकीचं दुकान चालू. टाइमआउट लावला तरी थ्रेड काही मरत नाही हं, वाट बघणारा फक्त मोकळा होतो, थ्रेड बसलेलाच राहतो. पण निदान गिऱ्हाइकाला "स्कॅन सध्या मिळत नाही" म्हणता येतं, पांढरी स्क्रीन नाही दाखवावी लागत.

जुनाखोड_सिसअडमिन:
तुम्ही सगळे २०१० मध्ये राहता का? आयओ-युरिंग आलं २०१९ ला, कर्नल ५.१ मध्ये, येन्स ऑक्सबोने केलं. आता फाइलचं खरं असिंक आहे. विनंत्यांची एक रांग, उत्तरांची एक रांग, दोन्ही प्रोग्राम आणि कर्नल मिळून वापरतात, प्रत्येक वाचनाला वेगळा सिस्टम कॉल (कर्नलला मारलेली हाक) नको. थ्रेडबिड सगळं कालबाह्य.

बांगड्याचं_तिखलें:
खोडबाब, आहे खरं, पण स्क्रिप्टवाल्याच्या ताटात कुठे पडलंय ते? पायथनच्या असिंकआयओत आजही फाइलसाठी ते नाही. लिबयूव्हीने २०२३ मध्ये घेतलं आणि नोडने ते २०२४ मध्ये सुरक्षेच्या कारणाने डिफॉल्ट बंद केलं. गूगलने सुद्धा त्यातल्या भोकांमुळे क्रोमओएसवर बंद केलं. कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या पेटीत बंद करून चालवतात तिथे) तर बऱ्याच ठिकाणी तो सिस्टम कॉलच अडवलेला असतो. आणि आयओ-युरिंग पण जिथे जमत नाही तिथे आतून कर्नलचे कामगार थ्रेडच लावतं, म्हणजे फिरून मार्केटात.

जुनाखोड_सिसअडमिन:
विंडोजवर ओव्हरलॅप्ड आयओ (त्यांचं फाइलचं असिंक) नव्वदच्या दशकापासून आहे, ते विसरलात. (मी विंडोजची बाजू घेतली हे घरी सांगू नका.)

कुळागरातला_कोडर:
मूळ प्रश्नाकडे येतो कारण सगळे कर्नलमध्ये जाऊन बसलेत. तिसवाडी, ती सीएसव्ही त्या पोराने कशी वाचलीय? असिंक फॉर लावून एकेक ओळ?

तिसवाडी_टर्मिनल:
हो. का?

कुळागरातला_कोडर:
मग सापडलं. एआयओफाइल्समध्ये असिंक फॉरने ओळी वाचल्या की प्रत्येक ओळीला एकदा थ्रेडकडे जाऊन परत यावं लागतं. ओळी किती, चाळीस पन्नास हजार? म्हणजे पन्नास हजार वेळा मार्केटात जायचं आणि दर वेळी एकच तुकडा कापून आणायचा. साधं ओपन एक मोठा तुकडा एकदम उचलून ठेवतं आणि त्यातल्या ओळी देतं, म्हणून ते पळतं. यात असिंकचा दोष नाही आणि एआयओफाइल्सचा पण नाही, कामाचा तुकडा फार बारीक केलाय. एक साधं फंक्शन लिही, त्यात साधं ओपन, साधा सीएसव्ही रीडर, शेवटी यादी परत. ते अख्खं फंक्शन एकदाच टू_थ्रेडला दे. थ्रेडकडे एकच फेरी. आणि पोराला ओरडू नकोस, लूप अडवायचा नाही हे त्याला कळलंय, आमच्याकडे पाच वर्षं झालेल्यांना कळत नाही.

फोंड्याची_पोर:
मी मागच्या महिन्यात सगळ्या फायली एकदम गॅदरमध्ये (सगळी असिंक कामं एकदम सुरू करणारं फंक्शन) टाकल्या होत्या, तर "खूप फायली उघड्या आहेत" असा एरर आला. ते पण याच्यामुळेच?

कुळागरातला_कोडर:
नाही, ते वेगळं. एका प्रोसेसला उघड्या फायलींची मर्यादा असते, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी १०२४. सेमाफोर लाव, एका वेळी वीसच उघड.

तिसवाडी_टर्मिनल:
दोन दिवसांनी लिहितोय, दुकानात वीज नव्हती त्यात एक दिवस गेला. कुळागर म्हणाला तसं केलं. सीएसव्ही परत पहिल्यासारखी, चहा गरम. तेवढं मी चुकलो, लिहून देतो. पण थोतांड हा शब्द अर्धाच मागे घेतो. कॉन्फिग आणि टेम्पलेट साध्या ओपनने, तेही सर्व्हर सुरू होताना एकदाच वाचायचं, त्याला अवेट लावलेलं मी अजूनही काढून टाकणार. स्कॅन मात्र टू_थ्रेडने, कारण आमचे साहेब पण आता नॅस घ्यायचं म्हणतायत आणि पोदेरची गोष्ट वाचून माझ्या पोटात गोळा आला.

पोदेर_सायकलवर:
स्विचला इन्व्हर्टर आधी घे, कोड नंतर. आणि असिंकआयओचा डीबग मोड चालू करून एक दिवस चालव. लूप १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडला की तो लॉगमध्ये लिहितो कोणी अडवला ते. अंदाजाने भांडण्यापेक्षा ते बरं.

तिसवाडी_टर्मिनल:
लावला. सकाळपासून चौदा वेळा ओरडलाय. त्यात फाइल एकदाही नाही, चौदाच्या चौदा वेळा स्कॅनचा छोटा फोटो करायचं फंक्शन, जे मीच लिहिलंय, दोन वर्षांपूर्वी, सरळ लूपवर बसवून.

बांगड्याचं_तिखलें:
म्हणजे रॅम्पवर किल्ली शोधणारा तूच की रे पात्रांव.

तिसवाडी_टर्मिनल:
प्रोसेस पूलमध्ये (लूपबाहेरच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) टाकतोय. पोराला अजून सांगितलेलं नाही.