रूट कॅनॉल (दाताच्या मुळातली नळी) धुवायला कडुनिंब की हायपोक्लोराइट? तीन गावच्या दंतवैद्यांच्या गप्पा

धुळे: हायपोक्लोराइटऐवजी (ब्लीचसारखं जंतुनाशक द्रावण) कडुनिंबाचा अर्क चालेल का?

जळगाव: नाही भाऊ. कडुनिंब, त्रिफळा प्रयोगशाळेत एन्टेरोकोकस फीकॅलिस या जंतूवर चालतात, पण मेलेला पल्प (दाताच्या आतला मऊ गर) हायपोक्लोराइटसारखा विरघळवत नाहीत. ३० गेजची (बारीक), बाजूला छिद्र असलेली सुई वर्किंग लेंग्थच्या (नळी जिथवर साफ करायची ती लांबी) २ मिमी अलीकडेच थांबवा, हलकी वरखाली करत राहा. ती अडकली की द्रावण मुळाबाहेर जातं, गाल टम्म सुजतो. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) हवाच!

भुसावळ: शेवटी १७ टक्के ईडीटीए (नळीच्या भिंतीवरचा थर काढणारं द्रावण), १ मिनिट. क्लोरहेक्सिडीन (दुसरं जंतुनाशक) वापरणार असाल तर आधी सलाइननं धुवा, नाहीतर उरलेल्या हायपोक्लोराइटशी मिळून तपकिरी साका बसतो. आणि आपल्या उन्हाळ्यात हायपोक्लोराइटची बाटली गडद रंगाची, थंड जागी ठेवा. उष्णतेनं त्याची ताकद उतरते.