पोवाडा आख्खा ऐकायचा की नुसती चढाई?

महालकर
शिवजयंतीला आमच्या भागात तानाजीचा पोवाडा झाला. सुरुवातच कड्यावरून! शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात गोष्ट कुठून निघते? जिजाऊ महाराजांसोबत सारीपाट मांडतात, डाव जिंकतात आणि सिंहगड मागतात. मग रायबाच्या लग्नाचं आवतण घेऊन तानाजी येतो. हा बाप आधी दिसला नाही, तर किल्लेदार उदयभानाशी झालेली झुंज काळजाला भिडेल कशी? पोवाडा ही गाऊन सांगितलेली गोष्ट आहे. शाहीर चाल थांबवून गद्यात बोलतो, मागे साथ देणारे झीलकरी 'जी जी' उचलतात, तेवढ्यात ऐकणारा पुढच्या प्रसंगाला तयार होतो. हे सारं कापल्यावर डफाचा दणदणाट तेवढा उरतो.

धरमपेठ_७
नाही पटलं भाऊ. मैदानात उभ्या गर्दीपुढे सारीपाट कोण ऐकते? पोवाड्याचा जीव वीररसात. शिवाय घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा इतिहासकार मानत नाहीत, अन् पोरं तोच इतिहास समजून घरी जातात. पोवाडा छोटा ठेवा, जोशात म्हणा.

महालकर
पुरावा म्हणून ऐका असं म्हणतच नाही मी. अफजलखान वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या. वकिलांची ये-जा, मग भेटीतली तोंडातोंडी, आणि त्यानंतर वार. वीररस चढतो तो या थांबण्यामुळेच. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला, तेव्हा त्यांनाही राजाची गोष्ट रयतेच्या बाजूनं सांगायची होती. नुसता जोश हवा असता तर एवढा मोठा पोवाडा कशाला रचला असता?

इंदोऱ्याची_लेक
तुम्ही दोघंही शिवकाळातच थांबले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली ती याच आपल्या नागपुरात. आमच्या आज्यांना वाचता येत नव्हतं. चवदार तळं, काळाराम मंदिर त्यांना शाहिरांच्या तोंडून कळलं. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना तोंडपाठ. अन् 'कोण ऐकते' म्हणता? आपल्या विदर्भात खडी गंमत, म्हणजे आपलं लोकनाट्य, रात्रभर चालते, लोक जागचे हलत नाहीत. महालकर, गोष्ट पूर्ण हवी हे मान्य, पण दरवर्षी तीच का? नवे पोवाडे रचणाऱ्याला स्टेज द्या नं.

धरमपेठ_७
खडी गंमतीत सोंग आहे, नाच आहे, हसवणारा आहे. पोवाड्यात सारा भार एका गळ्यावर. तो सारीपाट रंगवणारा शाहीर आणा, मी शेवटपर्यंत बसतो. तसा गळा नसेल तर छोटाच बरा, या मतावर मी कायम.