हाइनिखच्या जंगलात पडलेली झाडं उचलत का नाहीत?

रानभूल: आम्ही सध्या जर्मनीत एरफुर्टला असतो. मागे हाइनिख नॅशनल पार्कला गेलेलो, बीचच्या झाडांचं जुनं जंगल, युनेस्कोच्या यादीतलं. झाडांच्या शेंड्यांवरून चालायचा तो पूल मस्तच. पण खाली जिकडे तिकडे मोठाले बुंधे आडवे पडून कुजतायत, काही झाडं उभ्या उभ्या वाळलीत. एरवी इतके टापटीप लोक, आणि इथे हे असं? विकून नवी झाडं लावता येतील की. नवरा म्हणतो बजेट नसेल.

सुतारपक्षी: बजेटचं काही नाही हो, मुद्दाम ठेवलंय. तिथला नियमच आहे की जंगलात हात घालायचा नाही. जंगलातल्या किडे-बुरशीतल्या कितीतरी जातींना मेलेलं लाकूडच लागतं. त्यात काळा सुतारपक्षी बीचच्या बुंध्यात ढोली करतो, तो गेला की तिथे कबुतरं, वटवाघळं, घुबडं राहायला येतात. आपल्याकडे देवराईत पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत, तसंच. आणि नवी झाडं लावायची गरजच नाही, बीचची रोपं सावलीत वर्षानुवर्षं दम धरून बसतात, वरचं झाड पडून उजेड आला की भराभर वाढतात.

रानभूल: ओके, पण ती उभी वाळलेली? कीड पसरली तर?

सुतारपक्षी: ती बहुतेक २०१८ पासूनच्या दुष्काळाची. बीचची साल पातळ, शेजारचं झाड गेलं की अचानक ऊन लागून भाजते. म्हणून तर मधली झाडं तोडून जंगल विरळ करू नका म्हणतात. कीड म्हणाल तर जर्मनीतल्याच हार्त्झ भागात जिने डोंगरच्या डोंगर वाळवले ती स्प्रूस या सूचीपर्णी झाडाची, बीचला ती लागत नाही.

टवाळ_टोळ: प्राचीन जंगल म्हणे! तिथे तर आधी लष्कराचा गोळीबाराचा सराव चालायचा ना?

सुतारपक्षी: चालायचा, म्हणूनच बराच भाग लाकूडतोडीतून वाचला 😄 पार्क १९९७ च्या शेवटी झालं, युनेस्कोची यादी २०११. कुऱ्हाड न लागलेलं बघायचं तर युक्रेनमधलं उहोल्का, कार्पेथियन डोंगरातलं. ते २००७ लाच यादीत आलं. पण सध्या तिकडे कोण जाणार.

रानभूल, परत गेलात तर एप्रिलमध्ये जा, झाडांना पानं फुटायच्या आत खाली पांढरी फुलं आणि रानलसूण असतो, नंतर एवढी सावली होते की सगळं गायब. आणि वारा असेल त्या दिवशी जाऊच नका, वाळक्या फांद्या कधी डोक्यात पडतील नेम नाही.