मगरीची अंडी उचलून उबवावीत, की घरटं जागेवरच राखावं?

मुठाकाठ (धागा यांनी सुरू केला)

सांगलीकडच्या कृष्णाकाठावर मगर ज्या उतारात घरटं करते, तीच गाळमाती वीटभट्टीवाल्यांना हवी असते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ती हातभर खोल खड्डा करून साधारण 25-30 अंडी घालते, पिल्लं मे-जूनमध्ये निघतात. मधले दोन महिने जेसीबी, कुत्री, घोरपडी आणि कोल्हे. माझं म्हणणं असं की धोक्यातली घरटी वनखात्याने उचलावीत, पुण्यात उबवावीत आणि पिल्लं वर्षाची झाली की परत सोडावीत. 1975 च्या केंद्र सरकारच्या मगर संवर्धन प्रकल्पात अंडी उबवून पिल्लं सोडण्याचं हेच तर केलं.

तंत्र अवघड नाही. अंडं जसं पडलंय तसंच ठेवायचं, वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारायची, आणि ती फुली शेवटपर्यंत आभाळाकडे. घातल्यानंतर साधारण दिवसभरात गर्भ कवचाला आतून वर चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं की तो मेलाच. क्रेटमध्ये ओलसर नदीची वाळू, वर ओलं गोणपाट, पण अंड्यांवर थेंब गळता कामा नये. वरच्या बाजूला दुधी डाग येऊन तो पट्ट्यासारखा पसरत गेला तर अंडं सजीव. पिवळट पारदर्शक राहिलं तर काढून टाका, नाहीतर त्याची बुरशी शेजाऱ्यांना लागते.

कात्रजचा_ओढा

फुली, वाळू, गोणपाट सगळं बरोबर. तापमान कुठाय? मगरीला लिंग ठरवणारी गुणसूत्रं नसतात, उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात घरट्याचं तापमानच ते ठरवतं. 28 ते 31 अंशांवर सगळ्या माद्या, 32.5 च्या आसपास नर, मधल्या फटीत मिश्रण. म्हणजे तुमच्या उबवणपेटीचा थर्मोस्टॅट (तापमान राखणारं यंत्र) दीड अंशाने चुकला की अख्खी बॅच एकाच लिंगाची. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी 38-40, पहाटे 20-22, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद! वर आणखी एक गोम. लोक सेन्सर पेटीच्या हवेत टांगतात. शेवटच्या टप्प्यात गर्भ स्वतःच उष्णता सोडतात, त्यामुळे अंड्यांच्या मधलं तापमान हवेपेक्षा जास्त असतं. सेन्सर अंड्यांच्या मधोमध हवा.

नदीकाठच्या घरट्यात वरचं अंडं आणि तळाचं अंडं यांत मुळातच फरक असतो, शिवाय एक घरटं सावलीत तर दुसरं उन्हात. नर-माद्यांचं प्रमाण त्यातून आपोआप येतं. तुमच्या पेटीत ते ऑपरेटरच्या हातात जातं.

पेशवेपार्क_पार

तापमानाची एवढी भीती घालू नका. अर्जेंटिनातल्या सांता फे प्रांतात 1990 पासून रुंद मुस्कटाच्या कैमनची (मगरीचा तिकडचा भाऊबंद) अंडी रानातून उचलून उबवतात. तिथे 31 ला माद्या आणि 33 ला नर, म्हणजे फट तेवढीच अरुंद. तरी जमलं. घरटं दाखवणाऱ्या गावकऱ्याला पैसे मिळतात, म्हणून तो घरटं जाळत नाही. 1997 मध्ये तिथल्या कैमनना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीतून खाली आणलं गेलं.

कात्रजचा_ओढा

तो गावकरी पैसे घेतो ते कातड्याच्या धंद्यातून! आपल्याकडे मगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, विक्रीच बंद. मग पैसा कुठून येणार? आणि जीवशास्त्रही वेगळं. कैमन पालापाचोळा, गवत, माती यांचा ढीग रचतो, तो कुजताना ऊब देतो. आपली मगर जमिनीत खड्डा करते, तिला उन्हाने तापलेली माती ऊब देते. ढिगाऱ्याचे धडे खड्ड्याला लावू नका.

भिडे_पुलाखालून

एक कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं किंवा घरटं हलवणं हीसुद्धा ‘शिकार’च. मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी नसेल तर पेन्सिल घेऊन काठावर उतरू नका. उत्साही मंडळी वाचतायत म्हणून लिहिलं.

मुठाकाठ

परवानगी गृहीतच आहे, म्हणून तर ‘वनखात्याने’ लिहिलं. ओढा, तुमचा तापमानाचा मुद्दा मान्य. पण नदीत पिल्लं शंभरात मोजकीच जगतात. बगळे, मोठे मासे, मोठ्या मगरीसुद्धा खातात. वर्षभर सांभाळलं तर ती गळती टळते.

कात्रजचा_ओढा

ती गळती मगरीच्या हिशेबात धरलेलीच असते. मादी वर्षानुवर्षं अंडी घालते, त्यातली थोडी जगली तरी पुरे. 1975 ला मोठ्या मगरीच फारशा उरल्या नव्हत्या, तेव्हा पिल्लं वाढवून सोडणं योग्य होतं. आज कृष्णेत प्रश्न काठाचा आहे. काठ खणला गेला तर तुमची वर्षाची पिल्लं कुठे जाणार? उसाच्या चारीत आणि शेततळ्यात. मग गावातून फोन.

संगोपनाचंही सांगा ना. बिनहाडाचं मांस दिलं की कॅल्शियम कमी पडतं, जबडा रबरासारखा होतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा 10 कडे उतरतो. गार पाण्यात पिल्लू खातं, पण पचवू शकत नाही, पोटातलं मांस सडतं आणि पिल्लू दगावतं. अख्खे छोटे मासे आणि 30 अंशांच्या आसपास पाणी, रोज बदललेलं. हा खर्च कोण करणार?

पेशवेपार्क_पार

काठ राखावा हे ठीक. पण 2025 ला मे संपायच्या आतच मान्सून आला. मेच्या शेवटी पात्र फुगलं तर घरट्यात पाणी शिरणार. अंडं कवचातून श्वास घेतं, ते बुडून राहिलं की गर्भ गुदमरतो. तेव्हाही ‘जागेवरच राखा’?

कात्रजचा_ओढा

तेव्हा त्याच काठावर वर सरकवा, पुण्याला आणू नका. बारा-पंधरा मीटर वरची, दिवसभर ऊन येणारी जागा, तेवढाच खोल खड्डा, तळाला मूळ घरट्यातलीच माती, फुली वर, सगळं त्याच दिवसात. दोघांनी लांब बांबू घेऊन पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, कारण मादी जवळच असते आणि धावून येते.

मुठाकाठ

आणि मादीला नवी जागा सापडली नाही तर? पिल्लं कवचातूनच ओरडतात, तो आवाज ऐकून ती खणते आणि तोंडात धरून पाण्यात नेते. मेच्या उन्हात माती विटेसारखी टणक होते, पिल्लांना स्वतःहून वर येता येत नाही. वर सरकवलेलं घरटं म्हणजे पुरलेली पिल्लं.

कात्रजचा_ओढा

म्हणूनच घातल्याची तारीख लिहून ठेवायची. पन्नास दिवस झाले की रोज पहाटे कान जमिनीला लावायचा. आवाज आला, दोन रात्री थांबूनही मादीने खणलं नाही, तर हाताने उकरायचं. खुरपं नको, कवच फुटतं.

मुठाकाठ

आणि तो कान रोज पहाटे लावणार कोण? वनरक्षकाकडे चाळीस किलोमीटर काठ असेल तर? मी पेटीचीच बाजू घेतो, थर्मोस्टॅट दोन लावा हवे तर.