इंडिकेटर चालूच राहतो : बाईकच्या आरशापाशी घरी बनवलेला दिवा लावावा का?

सासवडकर : गेल्या महिन्यात हडपसरहून सासवडला येताना ओव्हरटेक करून परत डाव्या बाजूला आलो आणि डावा इंडिकेटर तसाच राहिला. पुढे डावीकडच्या फाट्यावरून एक टेम्पो सरळ रस्त्यावर आला. मी फाट्यात वळतोय असंच त्याला वाटलं. ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, मागे बायको बसलेली. वाचलो. चूक माझीच होती.

माझ्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा आहे. दुपारच्या उन्हात तो पेटलाय की नाही ते कळत नाही. म्हणून दोन्ही आरशांच्या दांड्यांवर एकेक पिवळा एलईडी बसवला, तोंड माझ्याकडे. आता रस्त्यावर नजर असतानाच लुकलुक जाणवते. खर्च शंभराच्या आत. एकच दिवा असलेल्या प्रत्येक गाडीला हा बसवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅरेजवाला : दादा, हेतू चांगला, पण मी विरोधात. कंपनीची वायर सोलून जोड मारला की पहिल्या पावसात पाणी शिरतं. शिवाय फ्यूज असतो 10 किंवा 15 अँपिअरचा. तुमची केसासारखी वायर हँडल वळताना घासून शॉर्ट झाली, तर फ्यूज उडायच्या आधी तीच जळेल. टाकीखाली. अशा दोन गाड्या माझ्याकडे आल्यात. वॉरंटी असेल तर तीही गेली.

अनघा_रायडर : मला बझर बरा वाटतो. नजर कुठेही असो, कानावर पडतोच.

सासवडकर : ताई, साठच्या वेगात हेल्मेटमध्ये वाऱ्यापुढे बझर ऐकू येत नाही. आणि सिग्नलला उभं राहिलं की तोच नकोसा होतो, म्हणून लोक तो काढून टाकतात.

जुना_स्वार : तीस वर्षं गाडी चालवतोय. वळण झालं की अंगठ्याने बटण दाबायचं, एवढी सवय लावा. दिव्यावर विसंबलात तर तो गेला त्या दिवशी काय कराल? रात्री घाटात डोळ्यासमोर पिवळं लुकलुकणंही मला चालणार नाही.

अनघा_रायडर : काका, सवय सगळ्यांनाच असते, दमलेल्या दिवशीच ती चुकते. पल्सरच्या काही मॉडेल्समध्ये वळण झाल्यावर इंडिकेटर आपोआप बंद व्हायचा. ती सोय सगळ्या गाड्यांना का नाही, याचा मला खरंच राग येतो.

सासवडकर : रात्रीचं पटलं. एलईडीवर काळ्या नळीचा तुकडा चढवतो, म्हणजे उजेड पसरणार नाही. शॉर्टचं मात्र पटत नाही. 1 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंटला आवर घालणारा भाग, मी एलईडीपाशी नाही, थेट जोडापाशी लावलाय. पुढची वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकली तरी 15 मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही, मग ती जळेल कशी? एका बाजूचे इंडिकेटरचे दोन बल्ब मिळून दीड अँपिअरच्या वर घेतात, त्यापुढे हा भार काहीच नाही. लुकलुकण्याचा वेगही बदलला नाही.

गॅरेजवाला : रेझिस्टर जोडापाशी असेल तर जळायची भीती गेली, मान्य. माझ्याकडच्या दोन्ही गाड्यांत तो दुसऱ्या टोकाला होता. पाण्याचं मात्र सोडत नाही. जुलैत तो जोड उघडून बघा. तांबं हिरवं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापा, नव्याने डाग द्या (सोल्डर करा) आणि श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. नुसती टेप नको.