कॅल्शियम ५४०, केएच ७ वरच अडकलंय: पाणी किती बदलू?

मिठागर
समुद्री कोरलची (रीफ) टाकी २४० लिटरची, खडक-वाळू वगळून निव्वळ पाणी २०० लिटर. झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरल. खडकांवर कोरलाइन (चुना धरणारं शेवाळ) भरपूर. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २६. कॅल्शियम ५४० पीपीएम (दशलक्षात भाग), केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) ७, मॅग्नेशियम १३००. टू-पार्ट (कॅल्शियम आणि केएच भरून काढणारी दोन द्रावणं) घरी बनवलेलं: एका बाटलीत लिटरला १४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत लिटरला १०६ ग्रॅम सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट). डोसिंग पंपाने दोन्ही रोज प्रत्येकी २५ मिली, अडीच महिने. या काळात पाणी बदललेलं नाही. सुरुवातीला कॅल्शियम ४२० आणि केएच ७ होतं. कॅल्शियम उतरवणारं काही औषध मिळतं का?

थेंबमोजणी
आधी आकडा खरा आहे का ते बघा. त्याच मिठाचं ताजं पाणी ३५ ला कालवून त्याच किटने मोजा. तिथेही पाचशेच्या वर आलं तर घोळ किटचा किंवा रिफ्रॅक्टोमीटरचा (खारटपणा मोजायचं उपकरण). रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणावर लावा.

हॅना कंपनीचा कॅल्शियम चेकर (डिजिटल मापक) असेल तर जास्तच जपून. त्यात नमुना फक्त ०.१ मिली घ्यायचा असतो. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंब पुसला नाही आणि ०.०१ मिली जास्त गेलं, की आकडा दहा टक्क्यांनी फुगतो, म्हणजे ४२० चे ४६० होतात.

मिठागर
किट सॅलिफर्टचं. ताज्या पाण्यात आत्ताच मोजलं, ४२० आलं. रिफ्रॅक्टोमीटरही द्रावणावर बरोबर.

चुनखडी
मग आकडा खरा. कॅल्शियम क्लोराइडच्या बरणीवर काय लिहिलंय? डायहायड्रेट (रेणूत पाणी असलेलं) की अ‍ॅनहायड्रस (निर्जल)?

मिठागर
"फ्यूज्ड" लिहिलंय.

चुनखडी
सापडलं! फ्यूज्ड म्हणजे निर्जल, ओलावा शोषायला वापरतात ते. १४७ ग्रॅमची कृती डायहायड्रेटची आहे, त्यात कॅल्शियम २७ टक्के. निर्जलमध्ये ३६ टक्के. १४७ च्या जागी १११ ग्रॅम घ्यायला हवं होतं.

हिशेब करून बघा. सोडा अ‍ॅशचे २५ मिली २०० लिटरमध्ये केएच ०.७ ने वाढवतात. केएच ७ वर "अडकलंय" म्हणता, पण ते अडकलेलं नाही: टाकी रोज बरोबर तेवढंच खातेय. कोरलाइन असो वा कोरल, १ केएच खर्ची पडलं की कॅल्शियम साधारण ७ पीपीएम जातं, म्हणजे तुमच्याकडे रोज ५. तुम्ही घालत होता ६.६. रोजचे १.६ जास्तीचे, ७५ दिवसांचे १२०. ४२० चे ५४० असे झाले.

रीफवेडा
पन्नास टक्के पाणी बदला, विषय संपला.

चुनखडी
विषय संपत नाही, पन्नास टक्क्यांनीही ४८० वरच याल. आणि एवढी घाई कशाला? केएच ७ असताना ५४० कॅल्शियमने झोआ-लेदरला काही होत नाही. टाकीला झटका बसतो तो केएच एकदम हलल्यावर.

कॅल्शियमचा पंप बंद करा, सोडा अ‍ॅशचा चालू ठेवा. रोज ५ ने उतरेल, वीस दिवसांत ४४०. केएच पहिला आठवडा रोज एकाच वेळी मोजा, कॅल्शियम आठवड्यातून एकदा. सातव्या दिवशी ५०५ च्या आसपास दिसायला हवं.

कॅल्शियम चढं असेपर्यंत केएच ७ ते ८ मध्येच ठेवा. दोन्ही चढले की चुना हीटरवर आणि पंपाच्या इम्पेलरवर बसतो, वाळूचे गोळे होतात. सोडा अ‍ॅश पंपाच्या जोरदार प्रवाहात, थोडं थोडं पडू द्या. साचलेल्या कोपऱ्यात पडलं की पांढरा ढग उठतो, तो ढग म्हणजे वाया गेलेलं केएच.

औषधाच्या मागे लागू नका. फॉस्फेटवाल्या बफरने कॅल्शियम खाली बसतं खरं, पण फॉस्फेट तुमच्या गळ्यात पडतं.

खारेवारे
सोडा अ‍ॅश बंद करून चुन्याची निवळी दिली तर? केएचही मिळेल.

चुनखडी
निवळीत केएचबरोबर कॅल्शियमही त्याच प्रमाणात येतं. जेवढं खातात तेवढंच परत, १२० चा फरक जागच्या जागी. कॅल्शियम रिअ‍ॅक्टरचंही (कोरलचा चुरा विरघळवून देणारं यंत्र) तेच. (आणि पानाचा चुना नको, त्यात आणखी काय आहे कोण जाणे.)

थेंबमोजणी
वरून भरायचं पाणी घरच्या प्युरिफायरचं आहे का? त्यातला टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) व्हॉल्व्ह कच्चं पाणी मिसळतो, शिवाय काहींत मिनरल कार्ट्रिज असतं. रोज ३ लिटर बाष्पीभवन आणि त्या पाण्यात १२ पीपीएम कॅल्शियम धरलं तर महिन्याला पाचेक पीपीएम वाढेल. ५४० त्याने झालेलं नाही, पण व्हॉल्व्ह बंद करून टीडीएस मीटर लावून बघाच.

मिठागर
पंप बंद केला. कॅल्शियमच्या बाटलीत अजून ६०० मिली आहे, फेकून देऊ?

चुनखडी
नको. लिटरमागे ३२५ मिली आरओ पाणी घातलं की ते १११ च्या कृतीइतकं होतं. तुमच्या ६०० मध्ये १९५ मिली घाला. फक्त बरणी बरेच दिवस उघडी होती का बघा: निर्जल हवेतला ओलावा ओढतं, मग वजनातलं काही पाणीच असतं आणि द्रावण कमी ताकदीचं निघतं. ४४० वर आल्यावर २५ मिलीने सुरू करा, दहा दिवसांनी मोजा. घसरलं तर १ मिलीने वाढवा.