झेरॉक्सचा गठ्ठा आणि रॉयल्टीचा रकाना

महालकर : पुस्तकातले प्रकरण झेरॉक्स करून वर्गात वाटणारा प्राध्यापक आणि खिसेकापू यांत फरक नाही, असे 'ग्रंथोपजीवी' यांनी काल येथे लिहिले. मी नागपुरात एकोणीस वर्षे अर्थशास्त्र शिकवतो आणि तितकीच वर्षे प्रकरणे वाटतो, तेव्हा या खिसेकापूला उत्तर देणे भाग आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ने शिक्षकाला व विद्यार्थ्याला अध्यापनाच्या ओघात प्रत काढण्याची मुभा दिलेली आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२मध्ये दिल्ली विद्यापीठाला व तेथील झेरॉक्सवाल्याला न्यायालयात खेचले. २०१६मध्ये दावा फेटाळला गेला. माझ्या वर्गात गडचिरोलीहून आलेली मुले आहेत. चार हजारांच्या पुस्तकातली चाळीस पाने त्यांनी कोठून आणावीत?

ग्रंथोपजीवी : निम्मी गोष्ट सांगून थांबण्याची कला अर्थशास्त्रात शिकवतात काय? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठाने दावा पुन्हा उभा केला आणि त्या प्रती अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होत्या का, हे तपासण्यास सांगितले. शिवाय माझे पुस्तक चार हजारांचे नसून एकशे ऐंशी रुपयांचे आहे. गेल्या वर्षी एक विद्यार्थी त्याची स्पायरल बांधलेली संपूर्ण झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला आणि मोठ्या आदराने तिच्यावर स्वाक्षरी मागू लागला. मी ती केली, याची अजून लाज वाटते.

महालकर : तो दावा प्रकाशकांनीच २०१७मध्ये मागे घेतला, हे सांगायचे आपणही विसरलात.

बर्डीवाली : एकशे ऐंशीपैकी आपल्या हाती किती पडतात, ते आधी सांगा. माझ्या वडिलांचे पाठ्यपुस्तक १९८८मध्ये निघाले व बरीच वर्षे अभ्यासक्रमात होते. प्रकाशकाने एकदाच मनिऑर्डर केली, नंतर विचारले की "प्रती पडून आहेत" हे ठरलेले उत्तर, आणि आम्ही मात्र सीताबर्डीच्या पदपथावर त्याची नवी आवृत्ती पाहत होतो. झेरॉक्सवाल्याने वडिलांचे काय नेले? तो निदान रस्त्यात नमस्कार करीत असे.

ग्रंथोपजीवी : विषय झेरॉक्सचा आहे, प्रकाशकांचा नाही. माझ्या प्रकाशकाने तीन वर्षे हिशेब दिलेला नाही हे खरे, पण त्यामुळे दुसऱ्याला लुटण्याचा परवाना मिळत नाही. आपल्या वडिलांनी हिशेब मागितला नसेल, तर तो त्यांचा भिडस्तपणा.

बर्डीवाली : माझे वडील आता उत्तर द्यायला नाहीत. त्यांची पत्रे मात्र माझ्याजवळ आहेत. एकूण अकरा, प्रत्येकात हिशेबाचीच विनंती.

ग्रंथोपजीवी : ते वाक्य मी मागे घेतो. बाकीची नाहीत.

कोर्टकचेरी : दोन्ही पक्षांची गल्लत होते आहे. अशा वादांत सारखा 'फेअर यूज' (वाजवी वापर) हा शब्द वापरला जातो. तो अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातील कलम १०७चा, चार कसोट्यांचा. आपल्याकडे अपवाद नेमून दिलेले आहेत. अध्यापनाच्या अपवादात पानांची मर्यादा लिहिलेली नाही, त्यामुळे "दहा टक्के चालते" ही स्टाफरूममधली कायमची थाप बंद करावी. मात्र अख्खे पुस्तक बांधून येणाऱ्याजाणाऱ्याला विकणे म्हणजे अध्यापन नव्हे. आता रॉयल्टीविषयी, कारण मूळ दुखणे तेच दिसते : कलम १९नुसार करारात रॉयल्टीची रक्कम नमूद असावी लागते आणि मुदत लिहिलेली नसेल, तर हक्कांचे हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते. १९९४ची दुरुस्ती लागू होण्यापूर्वीच्या करारांना हे लागू नाही, त्यामुळे ताईंच्या वडिलांच्या कराराला त्याचा उपयोग नाही.

महालकर : स्पायरलवाल्याची वकिली मी केली नव्हती, तेवढा मुद्दा ग्रंथोपजीवींना बक्षीस. प्रकरणे मी वाटतच राहणार.

ग्रंथोपजीवी : वाटा. 'खिसेकापू' हा शब्द अतिरेकी होता, एवढे मान्य करतो. रात्री कपाटातून करार काढला. तो २०११चा आहे आणि मुदतीचा रकाना कोरा आहे, म्हणजे २०१६पासून ज्या प्रकाशकाची बाजू मी येथे तावातावाने मांडतो आहे, त्याच्याकडे माझ्या पुस्तकाचा हक्कच नसावा. वकीलसाहेब, सोमवारी कचेरीत किती वाजता भेटता?